मुस्लिम स्त्रिया आणि धर्मनिरपेक्ष स्त्रीवाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांविषयी कुठेही बोलायला गेले, की कार्यक्रम संपायच्या बेताला चार-चार घड्या घातलेल्या चिठ्ठ्या टेबलाकडे सरकू लागतात. एखाद्या चिठ्ठीवर ‘एक बहीण’ एवढीच सही असते. एखादी उर्दूमिश्रित मराठीत, एकही विरामचिन्ह न देता लिहिलेली असते. अशा चिठ्ठ्यांतून आणि ईमेलमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याचे उत्तर दोनदा देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष दावा करण्याआधी वकिलाला कागदपत्रे दाखवावीत.

१. धर्मनिरपेक्ष स्त्रीवाद म्हणजे धर्म सोडणे का?

नाही. येथे प्रश्न श्रद्धेचा नसून हक्क कोठून येतो याचा आहे. पोटगी, घटस्फोट, वारसा, मुलांचा ताबा हे हक्क स्त्रीला नागरिक म्हणून मिळावेत आणि ते मागताना ‘धर्मग्रंथात याला आधार आहे का’ हे तिला सिद्ध करावे लागू नये, ही या विचाराची मूळ मांडणी आहे. पाच वेळची नमाज पढणारी, रमजानचे सगळे रोजे ठेवणारी स्त्री ही भूमिका घेऊ शकते आणि अनेक जणी घेतातही. धर्म अजिबात न मानणाऱ्या स्त्रियाही या चळवळीत आहेत. त्यांच्या कायदेशीर अडचणी वेगळ्या असल्याने त्यांचे उत्तर प्रश्न १२ मध्ये दिले आहे.

२. मग ‘इस्लामी स्त्रीवाद’ वेगळा कसा?

इस्लामी स्त्रीवाद कुराणाचा नव्याने अर्थ लावतो आणि पुरुषी अर्थनिर्णयामुळे झाकला गेलेला समतेचा आशय पुढे आणतो. २००७मध्ये स्थापन झालेले भारतीय मुस्लिम महिला आंदोलन ढोबळमानाने या वाटेने जाते; स्त्रियांना काझी म्हणून प्रशिक्षण देण्याचा उपक्रम त्याच वाटेवरचा आहे. हमीद दलवाई यांनी स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, मुंबईतील आवाज-ए-निस्वां आणि पुढच्या काळातील बेबाक कलेक्टिव्ह हे गट राज्यघटनेच्या भाषेत बोलणे पसंत करतात.

कागदावर ही फाळणी स्पष्ट दिसते, पण कोर्टाच्या आवारात तशी राहत नाही. २०१७च्या तोंडी तलाकच्या खटल्यात दोन्ही बाजूंच्या संघटना एकाच मागणीसाठी उभ्या होत्या. माझा स्वतःचा कल पहिल्यापासून घटनेच्या बाजूने आहे, कारण अर्थनिर्णयाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो आणि माहेरच्या ओट्यावर दोन मुले घेऊन बसलेल्या बाईला तो निकाली निघेपर्यंत थांबता येत नाही. तरीही जमातीच्या, म्हणजे मोहल्ल्यातील मुस्लिम पंचायतीच्या, बैठकीत कुराणातील एखादी आयत तोंडपाठ म्हणून दाखवणाऱ्या बाईपुढे भलेभले गप्प बसतात, हेही मी पाहिले आहे.

३. हे सगळे पाश्चात्त्यांचे किंवा हिंदू सुधारकांचे अनुकरण आहे, असे घरचे म्हणतात. खरे आहे का?

घरच्यांना १८ एप्रिल १९६६ ही तारीख सांगावी. त्या दिवशी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. मोर्चाचे संयोजक होते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. मागण्या होत्या तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करण्याच्या आणि समान नागरी कायद्याच्या. सात ही संख्या ऐकून आज हसू येते, पण १९६६मध्ये बुरख्याशिवाय रस्त्यावर येऊन आपल्याच समाजाच्या कायद्याविरुद्ध फलक धरणे म्हणजे मोहल्ल्यात, नात्यागोत्यात आणि मुलीबाळींच्या लग्नांत त्याची किंमत मोजणे होते. सातांपैकी एक होत्या मेहरुन्निसा दलवाई. हमीदभाईंच्या मृत्यूनंतरही त्यांनी काही दशके हे काम पुढे चालवले. मात्र चळवळीचा इतिहास सांगताना त्यांचा उल्लेख अजूनही ‘पत्नी’ म्हणूनच आधी होतो, ही खंत नोंदवून ठेवते.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावातील ‘सत्यशोधक’ हा शब्द थेट महात्मा फुल्यांच्या परंपरेतला आहे, तेव्हा अनुकरणच म्हणायचे असेल तर ते याच मातीतले आहे. दलवाई १९७७मध्ये वयाच्या ४४व्या वर्षी गेले, तरी काम थांबले नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमा पाहू नये असे फर्मान निघाले, तेव्हा रझिया पटेल यांच्या पुढाकाराने मुलींनी ते मोडले. सिनेमा हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. पण बाईने कुठे जावे हे ठरवणार कोण, हा प्रश्न तिकीट खिडकीवर जितका लख्ख विचारला गेला तितका परिसंवादांत क्वचितच विचारला जातो. १९८३मध्ये मुंबईच्या शहनाझ शेख यांनी मुस्लिम व्यक्तिगत कायद्याला, म्हणजे विवाह, तलाक, वारसा यांच्या धर्माधारित नियमांना, सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि आवाज-ए-निस्वां त्यातूनच उभी राहिली. १९८५मध्ये मंडळाने कोल्हापूरहून नागपूरकडे तलाकमुक्ती मोर्चा काढला, ज्याला वाटेत स्वागतही मिळाले आणि कडवा विरोधही.

भारताबाहेर पाहायचे तर इजिप्तमध्ये १९२३मध्ये हुदा शारावी यांनी स्थापन केलेल्या स्त्रीसंघटनेत मुस्लिम आणि ख्रिस्ती स्त्रिया एकत्र होत्या. ‘इस्लामी स्त्रीवाद’ ही संज्ञा त्यानंतर जवळपास सात दशकांनी रूढ झाली, म्हणजे मुस्लिम स्त्रियांमध्ये धर्मनिरपेक्ष वाटच वयाने मोठी आहे.

४. जमातीने किंवा दारुल कझाने (शरियतनुसार निवाडा करणाऱ्या खासगी मंचाने) दिलेला निर्णय माझ्यावर बंधनकारक असतो का?

नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४मध्ये स्पष्ट केले, की फतव्याला किंवा अशा मंचाच्या निर्णयाला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावर लादता येत नाही. दोन्ही बाजूंनी राजीखुशीने तो मानला, तर त्याला तडजोड म्हणून किंमत राहते. जमातीच्या दबावाचे स्वरूप मात्र क्वचितच कायदेशीर असते. लग्नाचे आमंत्रण थांबते, कब्रस्तानाचा विषय निघतो. तसा बहिष्कार झाल्यास महाराष्ट्रात २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आणि तो सर्वधर्मीयांना लागू आहे.

५. घटनेत समता आहे, तर व्यक्तिगत कायदे न्यायालय रद्द का करत नाही?

याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयातच दडलेले आहे. नरसू अप्पा माळी खटल्यात १९५१मध्ये न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी असा निर्णय दिला, की असंहिताबद्ध, म्हणजे विधिमंडळाने लिखित कायद्यात न बांधलेला, व्यक्तिगत कायदा हा घटनेच्या अनुच्छेद १३मधील ‘कायदा’ या शब्दात बसत नाही, त्यामुळे तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर थेट तपासता येत नाही. खटला होता हिंदू पुरुषांच्या द्विभार्या प्रतिबंधाचा, पण त्याची सावली मुस्लिम स्त्रियांवर सत्तर वर्षांहून अधिक काळ पडलेली आहे. या निर्णयावर पुढे न्यायमूर्तींनीच टीका केली, तरी तो स्पष्टपणे मोडीत निघालेला नाही. म्हणूनच अनेकदा न्यायालये व्यक्तिगत कायद्याला हात न लावता शेजारच्या धर्मनिरपेक्ष कायद्याच्या दाराने स्त्रीला आत घेतात. प्रश्न ७ हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

६. तोंडी तलाक आता पूर्ण बंद झाला ना? आणि काही स्त्रीवादी गट त्या कायद्याच्याच विरोधात का आहेत?

एका दमात दिलेला तिहेरी तलाक, म्हणजे तलाक-ए-बिद्दत, बंद झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो बाद ठरवला. मौज अशी, की बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी समतेच्या अनुच्छेदाचा आधार घेतला, तर तिसऱ्या न्यायमूर्तींनी कुराणाविरुद्ध असलेली गोष्ट शरियतचा भाग होऊ शकत नाही असे म्हटले; म्हणजे प्रश्न २मधल्या दोन्ही वाटा त्या निकालपत्रात एकत्र येऊन मिळाल्या.

२०१९च्या कायद्याने असा तलाक तोंडी, लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर दिला तरी निरर्थक ठरतो आणि पतीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार स्वतः पत्नीने अथवा तिच्या रक्ताच्या किंवा लग्नाने झालेल्या नातेवाइकाने करावी लागते. पत्नीच्या इच्छेने व दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. बेबाक कलेक्टिव्हसारख्या गटांचा आक्षेप या कैदेच्या तरतुदीला आहे. जो तलाक झालाच नाही त्यासाठी नवरा तुरुंगात, मग घरखर्च कोण देणार, आणि इतर कोणत्याही धर्मातल्या पुरुषाने बायकोला टाकले तर तो फौजदारी गुन्हा का नाही, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नावर कायद्यात निर्वाहभत्त्याची तरतूद आहे. दुसऱ्याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

महिन्यामहिन्याच्या अंतराने दिला जाणारा तलाक-ए-हसन आणि एकदाच उच्चारून इद्दतीचा काळ (तलाकनंतरचा सुमारे तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ) जाऊ देण्याचा तलाक-ए-अहसन या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, हे मात्र विसरू नये. पण त्यांतही नुसता ‘मी तलाक दिला आहे’ असा कागद कोर्टात दाखल करून भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २००२मध्ये दगडू पठाण खटल्यात आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात म्हटले, की तलाकला योग्य कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि हे सगळे पतीने सिद्ध करायला हवे. २०१७ची चर्चा होते तेव्हा २००२चे हे दोन निकाल विसरले जातात. तालुक्याच्या कोर्टात प्रत्यक्ष उपयोगी पडतात ते हेच.

७. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी फक्त इद्दतीपुरतीच मिळते, असे वकीलसाहेब म्हणाले. बरोबर आहे का?

बरोबर नाही. हा गैरसमज इतका चिवट आहे की उत्तर थोडे मागून सुरू करावे लागेल.

इंदूरच्या शाहबानो यांचे लग्न १९३२चे. पती नामांकित वकील. सुमारे त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर त्यांना घराबाहेर काढण्यात आले. १९७८मध्ये त्यांनी पोटगीसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने ते वाढवून १७९ रुपये २० पैसे केले आणि या १७९ रुपये २० पैशांविरुद्ध पती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायमूर्तींनी सांगितले, की फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यानंतरचा गदारोळ सर्वश्रुत आहे. दबावाखाली शाहबानोंनी स्वतःच तो निकाल नाकारला आणि १९८६मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून पोटगी इद्दतीच्या चौकटीत बसवली. वकीलसाहेबांच्या डोक्यात हा १९८६चा कायदा अडकलेला असतो.

परंतु शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी त्याच कायद्याला आव्हान दिले. २००१मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवून त्याचा अर्थ असा लावला, की पतीने इद्दतीच्या काळात जी ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ करायची ती तिच्या पुढील आयुष्यासाठी असली पाहिजे. तरतूद इद्दतीत करायची, इद्दतीपुरती नाही. एका प्रत्ययाने हजारो स्त्रियांची भाकर वाचली. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका खटल्यात पुन्हा स्पष्ट केले, की १९८६चा मार्ग आणि कलम १२५चा मार्ग हे दोन्ही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला खुले आहेत. कलम १२५च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे.

तलाक झालेला नसताना घरातून काढले गेले असेल, तर २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा अधिक लवकर उपयोगी पडतो. त्यात राहत्या घराचा हक्क, खर्च आणि संरक्षण हे तिन्ही एकाच अर्जात मागता येते, आणि अर्जदाराचा धर्म त्यात कुठेही आड येत नाही.

८. स्त्रीला स्वतःहून लग्न मोडता येते का?

येते, चार वाटांनी. १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली न्यायालयात जाता येते. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूर वागणूक ही त्यातील काही कारणे. पतीच्या संमतीने, सहसा मेहेर (निकाहात पतीने पत्नीला द्यायची रक्कम) सोडून देऊन, खुला घेता येतो. दोघांनाही लग्न मोडायचे असेल तर उभयपक्षी मुबारात होतो. आणि चौथी वाट म्हणजे तलाक-ए-तफवीज : निकाहाच्या वेळीच ठरावीक अटींवर तलाकचा अधिकार पत्नीकडे सोपवणे.

ही चौथी वाट सर्वांत सोयीची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. एक निकाहनामा माझ्यासमोर आहे. नावे, वडिलांची नावे, साक्षीदार, वकील हे सगळे निळ्या शाईत नीट भरलेले. मेहेर ७८६ रुपये. ‘शर्ते, काही असल्यास’ या रकान्यावर मात्र डावीकडून उजवीकडे एक तिरपी रेघ मारलेली आहे. ती रेघ मारायला दोन सेकंद लागले असतील. पुढे त्या मुलीचा खुला चार वर्षे रखडला, कारण नवरा संमती देईना. लग्नाच्या घाईत तो रकाना वाचणारे कोणीतरी मुलीकडून हवे. मुलगी स्वतः असेल तर उत्तमच.

९. नवऱ्याने दुसरे लग्न केले आहे. मला काय करता येईल?

मुस्लिम पुरुषासाठी दुसरा निकाह आजही भारतात गुन्हा नाही, गोवा (प्रश्न १४) आणि समान नागरी कायदा लागू झालेले उत्तराखंड अशा काही राज्यांचा अपवाद सोडून. मात्र पहिल्या पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्येच सुबानू खटल्यात मान्य केले आहे. दोन बायकांना समान न वागवणे हे १९३९च्या कायद्यात क्रूरतेचे एक रूप मानले आहे.

याच प्रश्नाला जोडून ‘बहुपत्नीत्व फक्त मुस्लिमांतच असते ना’ असे विचारले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत नवऱ्याला दुसरी पत्नी असल्याचे सांगणाऱ्या विवाहितांचे प्रमाण मुस्लिमांत १.९ टक्के आणि हिंदूंत १.३ टक्के होते. फरक आहे, पण सभांमधून सांगितला जातो तेवढा नाही. ज्या १.३ टक्क्यांना कायद्याने बंदी आहे, त्यांतल्या दुसऱ्या बाईला तर पत्नीचा दर्जाही मिळत नाही.

१०. मला फक्त दोन मुली आहेत. माझ्या माघारी सगळे त्यांनाच मिळेल का?

सुन्नी वारसा नियमांनुसार आपोआप मिळणार नाही. मुलगा नसताना दोन किंवा अधिक मुलींना मिळून दोन तृतीयांश वाटा असतो. एकच मुलगी असेल तर अर्धा. उरलेल्यात पती वा पत्नीचा वाटा जाऊन बाकी भाऊ, पुतणे अशा पितृकुळातील नातेवाइकांकडे जाते. मुलगा असेल तर मुलीला त्याच्या निम्मा वाटा. मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक देता येत नाही आणि सुन्नी कायद्यात वारसालाच काही द्यायचे असेल तर इतर वारसांची संमती लागते.

व्यवहारात दोन उपाय आहेत. हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस देणे. त्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही, पण ताबा खरोखर द्यावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह करणे किंवा आधी झालेला निकाह त्याखाली नोंदवणे. असे केल्यावर १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि मुलगा-मुलगी हा भेद उरत नाही. तीन मुलींचे वडील असलेले केरळमधील वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी, निकाहानंतर सुमारे तीन दशकांनी, याच कारणासाठी पुन्हा लग्न केले. नोंदणीसाठी तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. म्हणजे भावकीला कळणारच, हे गृहीत धरावे.

शेतजमिनीचा मुद्दा वेगळा आहे. १९३७च्या शरियत कायद्याने शेतजमीन मुळातच वगळली आहे, त्यामुळे सातबाऱ्यावरील जमिनीबाबत स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

११. मुस्लिम जोडप्याला मूल दत्तक घेता येते का?

येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४मध्ये शबनम हाश्मी खटल्यात म्हटले, की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. व्यक्तिगत कायदा त्याला आडवा येत नाही. ज्यांना धर्मानुसार वागायचे आहे, त्यांच्यावर अर्थातच सक्ती नाही.

१२. मी धर्म मानत नाही. माझा निकाह मोडतो का? वारसा जातो का?

नमाज-रोजा न करण्याने कायद्याच्या दृष्टीने काहीही बदलत नाही. विवाहित स्त्रीने उघडपणे इस्लाम सोडला तरी तेवढ्याने तिचा विवाह संपत नाही, असे १९३९च्या कायद्याचे कलम ४ सांगते. या कलमामागे एक कडवट इतिहास आहे : हनफी या सुन्नी विधिपरंपरेच्या नियमांत स्त्रीला सुटकेची वाट जवळजवळ नसल्याने काही स्त्रिया केवळ लग्न मोडण्यासाठी धर्मांतर करीत. उलेमांनाही, म्हणजे धर्मपंडितांनाही, ते खुपले, आणि घटस्फोटाची कारणे देणारा कायदा व हे कलम एकत्रच आले. वारशाबाबत १८५०चा जातिविषयक अपात्रता निवारण कायदा धर्म सोडणाऱ्याचा हक्क राखत असे; आजची स्थिती वकिलाला विचारावी.

खरी अडचण उरते ती अशी, की जन्माने मुस्लिम पण अश्रद्ध असलेल्या व्यक्तीला ‘मला धर्मनिरपेक्ष वारसा कायदा लावा’ असे नुसत्या प्रतिज्ञापत्राने म्हणता येत नाही. केरळमधील एका महिलेने हीच मागणी सर्वोच्च न्यायालयात नेली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत विशेष विवाह कायदा (प्रश्न १०) हीच व्यवहार्य पळवाट आहे, आणि ती अविवाहितांच्या कामाची नाही.

१३. बुरखा-हिजाबबद्दल तुमची भूमिका काय? आणि समान नागरी कायद्याबद्दल?

दोन्ही प्रश्न बहुधा एकाच चिठ्ठीत येतात आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘होय की नाही’ हवे असते.

घरच्यांनी सक्ती केली तर आमचा विरोध सक्तीला आहे. कॉलेजच्या फाटकावर मुलीला अडवले तर विरोध अडवण्याला आहे. कर्नाटकच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती परस्परविरोधी निष्कर्षांवर आले. हिजाब हा धर्माचा अनिवार्य भाग आहे की नाही, यावर वर्षे खर्ची पडत असताना वर्गाबाहेर उभ्या मुलीची परीक्षा बुडते, आणि धर्मनिरपेक्ष दृष्टीने तीच बाब पहिली आहे.

समान नागरी कायद्याची मागणी १९६६च्या मोर्चात होती, हे खरे. त्यानंतर मुस्लिम स्त्रीवाद्यांमध्येच मोठा भाग या मागणीपासून दूर गेला, कारण ती मागणी स्त्रियांच्या तोंडून सुटून राजकीय सभांच्या तोंडी गेली. अनेक जणी आज ‘समान’ऐवजी ‘न्याय्य’ कायदा म्हणतात. मला वाटते, मसुदा समोर ठेवून एकेक कलम वाचावे. बाईला घर, खर्च आणि वारसा मिळतो का ते पाहावे. मसुदा न वाचता पाठिंबा देणारे आणि न वाचता विरोध करणारे दोघेही मला सारखेच भेटतात.

१४. गोव्यात मुस्लिमांना वेगळा कायदा आहे, हे खरे का?

होय. पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा तेथे सर्व धर्मीयांना लागू आहे आणि १९३७चा शरियत कायदा गोव्यात लागू केलेला नाही. विवाहाची नागरी नोंदणी आवश्यक असते, पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते आणि तेथे नोंदलेल्या विवाहात मुस्लिम पुरुषाला दुसरी पत्नी करता येत नाही. मात्र ‘संपूर्ण समान’ तोही नाही : कॅथलिकांच्या चर्चमधील विवाहांना आणि काही हिंदू रूढींना त्यात वेगळी वागणूक होती.

१५. सगळ्या मुस्लिमांना हेच नियम लागू आहेत का?

नाहीत, आणि सल्ला देणारे येथेच चुकतात. कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई या सुन्नी विधिपरंपरेचे आहेत, घाटावरचे बहुसंख्य हनफी. हनफींत सज्ञान स्त्री स्वतः निकाह करू शकते, शाफईंत वली, म्हणजे तिच्या वतीने संमती देणारा पालक, लागतो. शिया पंथात एका दमातला तिहेरी तलाक आधीपासूनच अमान्य होता आणि तलाकला दोन साक्षीदार लागतात. बोहरा समाजातील मुलींच्या खतन्याचा प्रश्न २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. तो मांडण्यात मुंबईतील बोहरा स्त्रियाच आघाडीवर आहेत आणि सात वर्षांच्या मुलीच्या शरीराबद्दल त्या बोलतात तेव्हा कोणताही अर्थनिर्णय मध्ये आणत नाहीत.

१६. मुलगी इंग्लंडला देणार आहोत. तिथल्या मशिदीतला निकाह पुरेसा आहे का?

पुरेसा नाही. तेथे नागरी नोंदणीशिवाय केलेला निकाह कायद्याने विवाहच धरला जात नाही. २०२०मध्ये अपील न्यायालयाने हे ठाम सांगितले. नाते मोडल्यास घटस्फोटानंतर मिळणारे आर्थिक हक्क मग मिळत नाहीत. निकाह भारतात, कायद्याप्रमाणे झाला असेल तर स्थिती वेगळी असते. तेव्हा तो कोठे होणार आणि नोंदणी कधी, हे साखरपुड्यापूर्वीच विचारावे.

१७. बहिणीला काल रात्री घरातून काढले. आज काय करावे?

निकाहनाम्याची प्रत शोधावी. मूळ बहुधा सासरी असतो, पण ज्या काझींनी निकाह लावला त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद असते आणि नक्कल मागता येते. मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक यांचे फोटो दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवून ठेवावेत. नवऱ्याचे संदेश पुसू नयेत, रागाच्या भरात उत्तरेही देऊ नयेत. कोऱ्या कागदावर किंवा मुद्रांकावर, ‘फक्त समजुतीसाठी आहे’ असे सांगितले तरी, सही करू नये. बरेच खुलानामे अशा सहीतून तयार होतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. सोबत कोणीतरी जावे आणि पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नये.